मदत हवी आहे: एम ५१ च्या फोटोत तिरके पट्टे

नमस्कार मंडळी. अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी आमचं वावर आहे. गावातला हायमास्ट दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेचं आकाश झकास काळं मिळतं. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीजवळची एम ५१ ही सर्पिल दीर्घिका टिपतोय. साधा डीएसएलआर, २०० मिमी लेन्स, ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागे कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र), आयएसओ ८००, ६० सेकंदांच्या फ्रेम्स. गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा धरून ट्रॅकरच्या चुका सुधारणं) नाही.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम्स स्टॅक करून (एकावर एक रचून) स्ट्रेच केलं (अंधुक भाग उजळवला) की सगळ्या चित्रावर एकाच दिशेने पावसासारख्या तिरक्या रेघा उमटतात. दीर्घिकेच्या भुजा आणि शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी ५१९५ दिसते, पण त्यांना जोडणारा फिकट पूल त्या रेघांतच हरवतो. गाभा तर पार पांढरा.

मला संशय उन्हाचा आहे. एप्रिलात रात्री दहाला कॅमेरा हातात घ्यावा तर भाकरीच्या तव्यासारखा; पहाटे बराच निवतो. मग डार्क फ्रेम्स (गरम सेन्सरचा गोंगाट वजा करायला झाकण लावून घेतलेले फोटो) नेमक्या कधी घ्यायच्या? सुरुवातीला, शेवटी, की मधेमधे? आणि गायड कॅमेरा नसताना दर काही फ्रेम्सनंतर कॅमेऱ्याचा रोख हाताने किंचित सरकवून डिदरिंग (गोंगाट एकाच रेषेत साचू नये म्हणून चौकट हलवणं) केलेलं चालतं का? किती सरकवायचं?

‘कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा घे’ हे कृपया सांगू नका राजेहो, कापसाचे भाव तुम्हालाही माहीत आहेत.