कॅसेटचं जे झालं तेच पुस्तकांचं होणार का? छोट्या प्रकाशकाने आधी काय करावं?

तेरेखोलकाठ

तळकोकणात डबलबारी भजनं, दशावतार, शक्ती-तुरा यांच्या कॅसेटी एके काळी एसटी स्टँडवरच्या टपरीतही मिळत. पुढे व्हीसीडी आली, मग एमपीथ्री सीडी, आणि आता हे सगळं यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळतं. ऐकणारे आहेतच, पण कॅसेट विकून पोट भरणारा धंदा बसला.

पुस्तकांकडे याच नजरेने बघायचंय. डोळ्यांसमोर असा प्रकाशक धरा: वर्षाला पाच-सहा पुस्तकं, बहुतेक डेमी १/८ (नेहमीच्या कादंबरीच्या) आकारात १६० पानांची, हजाराची आवृत्ती. विक्री वाचनालयांना, शाळांना, आणि गणपतीत व मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांना. त्याने ई-बुककडे वळावं का? महिन्याची वर्गणी भरून हवं तेवढं वाचण्याची पद्धत गाण्यांसारखी पुस्तकांतही सगळं व्यापेल का? पैसे थोडेच असतील तर ते आधी कुठे घालावेत? "डिजिटल हेच भविष्य" अशी मोघम उत्तरं नकोत. आकडे आणि करारातली भाषा हवी.

दस्तऐवज

पैसे घालण्याआधी कपाटातले करार बाहेर काढा. संगीताच्या धंद्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे.

तबकडी, कॅसेट, सीडी, फाइल, स्ट्रीमिंग असं माध्यम बदलत गेलं. मूळ ध्वनिमुद्रण ('मास्टर') आणि त्याचे हक्क ज्याच्या हातात होते, त्याला प्रत्येक वेळी तेच गाणं नव्याने विकता आलं. सारेगामा या संगीत कंपनीने २०१७ मध्ये कारवां काढला: रेडिओसारखा डबा आणि आत आधीच भरलेली ५००० जुनी गाणी. एचएमव्हीच्या काळापासूनचा संग्रह त्यांच्या मालकीचा होता म्हणून ते जमलं. ज्यांच्याकडे नुसत्या कॅसेटी आणि त्या भरायची यंत्रं होती, त्यांच्याकडे मागणी गेल्यावर विकण्यासारखं काही उरलं नाही.

प्रकाशकाचं 'मास्टर' म्हणजे लेखकाशी झालेला लेखी करार आणि पुस्तकाची स्वच्छ फाइल. फाइलीबद्दल जाणकार सांगतीलच, मी कराराचं सांगतो.

भारतीय कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. तिने कलम १८ मध्ये घातलेल्या परंतुकानुसार (जोडलेल्या अटीनुसार), करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाहीत. म्हणजे 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' या एका ओळीवर भविष्यात येणारं माध्यम तुमचं होत नाही. कलम १९ आणखी महत्त्वाचं. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो लेखकाकडे परत जातो.

म्हणून दर पुस्तकामागे एक पानाचं पूरक पत्र करून घ्या. छापील, ई-बुक, श्राव्य आणि अनुवाद हे चार हक्क वेगवेगळे लिहा, प्रत्येकापुढे मुदत आणि मानधनाचा टक्का. ई-बुकचा टक्का छापील किमतीवर धरू नका, हातात प्रत्यक्ष येणाऱ्या रकमेवर धरा, नाहीतर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. ज्या माध्यमात काही करायची तुमची तयारीच नाही, त्याचा हक्क लेखकाकडे राहू द्या. तो अडवून ठेवणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जे लेखक वारलेत त्यांच्या वारसांकडे सगळ्यात आधी जा. कॉपीराइटचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतं आणि वारस पुढच्या पिढीत विखुरले की एकेक सही मिळवायला महिने जातात.

वर्गणीदार

वर्गणीच्या प्रश्नावर. गाणी आणि पुस्तकं इथे फार वेगळी आहेत आणि फरक हिशेबाच्या रीतीत आहे.

स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. तेच गाणं त्याच माणसाने शंभर वेळा लावलं की शंभर ऐकणी. ॲमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या सेवेत वाचकाने पान पहिल्यांदा वाचलं तेवढंच मोजतात, दुसऱ्या वाचनाचं काही मिळत नाही. त्यामुळे वाचक ज्या कवितासंग्रहाकडे वर्षभर पुन्हा पुन्हा जातो, तो ६४ पानांचा संग्रह वर्गणीत मार खातो आणि ४०० पानांची रहस्यकथा तरते. मालवणी शब्दांचा कोश, पाककृती, गावाचा इतिहास ही लागेल तेव्हा उघडायची पुस्तकं. ती वर्गणीत घालू नका.

दुसरं, हिशेब बदलला की लिखाणाचा घाटही बदलतो. किंडल अनलिमिटेड २०१४ मध्ये आलं तेव्हा वाचकाने दहा टक्के वाचलं की पुस्तक छोटं असो वा मोठं, सारखेच पैसे मिळत. लगेच लोकांनी पुस्तकांचे छोटे तुकडे करून टाकायला सुरुवात केली. जुलै २०१५ पासून पानांवर हिशेब आला आणि ते थांबलं. गाण्यांत पहिल्या ३० सेकंदांत श्रोता निसटू नये म्हणून सुरुवातीचं वाद्यसंगीत आखूड झालं, तीच गोष्ट.

आणि तळाशी असलेल्यांना काय मिळतं तेही बघा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १००० ऐकणी झाली नाहीत तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही. पुस्तकांच्या मंचांनी उद्या असा उंबरठा घातला, तर पाचशे वाचकांचं प्रादेशिक पुस्तक सगळ्यात आधी अडेल.

एक व्यावहारिक गोम: केडीपी सिलेक्टमध्ये (किंडल अनलिमिटेडमध्ये पुस्तक घालायची ॲमेझॉनची योजना) पुस्तकाचं नाव घातलं की ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, बुकगंगावरही नाही. मुदत आपोआप पुढे वाढते. आपोआप वाढीची खूण काढायला विसरलात की आणखी ९० दिवस.

खळेवाडी

छापील पुस्तक कॅसेटच्या वाटेने जाईल असं मला वाटत नाही. सीडीची नक्कल घरी पाच मिनिटांत होत होती. १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइली एकमेकांत फुकट वाटणारं नॅपस्टर आलं आणि जगभरात ध्वनिमुद्रित संगीताचं उत्पन्न २०१४ पर्यंत उतरत गेलं. किंडल २००७ पासून आहे, तरी छापील पुस्तकांची तशी पडझड झाली नाही. कॅसेट ऐकायला यंत्र लागायचं आणि यंत्र बंद पडलं की कॅसेटही मेली. पुस्तकाला तो धोका नाही.

पण हजाराची आवृत्ती मात्र कॅसेटच्या काळातली सवय आहे. ती सोडा. आकडे मांडतो, दर समजा असे धरा: किंमत २५० रुपये, विक्रेत्याची सूट ४० टक्के म्हणजे १००, लेखकाचे १० टक्के म्हणजे २५. हातात १२५. ऑफसेटवर हजार प्रती ७० रुपये दराने ७०,००० रुपये, म्हणजे दुकानातून ५६० प्रती खपल्यावर खर्च निघतो. डिजिटल छपाईत २०० प्रती १२० रुपये दराने २४,००० रुपये. त्या दुकानातून विकल्या तर प्रतीमागे पाच रुपये सुटतात, म्हणजे काहीच नाही. थेट वाचकाला विकल्या, टपाल-वेष्टणाचे ३० वजा केले, तर १९५ हातात राहतात आणि १२४ प्रतींत खर्च वसूल. तेव्हा छोटी आवृत्ती आणि थेट विक्री एकत्रच करायची. नुसती छोटी आवृत्ती काढून ती दुकानात ठेवणारे यातच फसतात.

७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर १६० पानांची प्रत १९०-२०० ग्रॅम भरते. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. तिचा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये अधिक कर, म्हणजे एक प्रत वेष्टणासकट त्यात बसते. पाच किलोला १००. वाचनालयाला वीस प्रतींचा गठ्ठा त्यातच जातो.

छोट्या आवृत्तीचं आपल्याकडचं खरं कारण पाऊस. हजार प्रती म्हणजे जवळजवळ दोनशे किलो कागद, आणि तो चार महिने दमट हवेत. पानांच्या कडा लाटांसारख्या होतात. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं, आतली उघडी बाजू ओल पिऊन फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. मुद्रकाला सांगा की मुखपृष्ठाच्या कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवा. गठ्ठे जमिनीपासून सहा इंच वर फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. बांधायचेच तर डिसेंबर-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत. त्यापेक्षा २०० प्रती गणपतीच्या तोंडावर, २०० एप्रिलमध्ये.

जुळारी

फाइलीबद्दल. थोडे पैसे असतील तर सगळे इथेच घाला.

जुनी मराठी पुस्तकं बहुतेक पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फाँटांत जुळवलेली असतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती उघडणारा संगणक बंद पडला की पुस्तक पुन्हा टंकावं लागतं. जुळणी करणाऱ्याकडून मूळ फाइल, फाँट आणि चित्रं आजच मागून घ्या. नुसती पीडीएफ पुरत नाही, जुन्या फाँटातल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर नुसती अक्षरांची रास हाती येते.

मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच सांकेतिक पद्धतीत) बदलताना ठरलेल्या जागी चुका होतात. पहिली वेलांटी एक अक्षर मागे-पुढे सरकते. रफार चुकीच्या अक्षरावर बसतो. सगळ्यात घातक 'ऱ्य': 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. शुद्धलेखन तपासणारं साधन तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि किनाऱ्यावरच्या पुस्तकात तर दोन्ही येणारच. शिवाय 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो, दिसायला एकच, पण शोधताना एक सापडतो नि दुसरा नाही. सगळीकडे ऱ, हलन्त, य असा एकच प्रकार ठेवा.

क्रम असा ठेवा. पहिली तीन प्रकरणं बदलून छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून घ्या. सापडलेल्या चुकांची यादी करून ती शोधा-बदलाने पूर्ण पुस्तकात चालवा, मगच पूर्ण मुद्रितवाचन. त्या मजकुरातून ईपब (ई-बुकची फाइल) आणि नवी छपाई दोन्ही काढा. फाँट मुक्त परवान्याचा घ्या, उदाहरणार्थ मुक्ता. फाइलींच्या तीन ठिकाणी तीन प्रती, त्यांतली एक गावाबाहेर.

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दर प्रकाराला वेगळा लागतो: छापील, ईपब, श्राव्य. भारतात तो मोफत मिळतो. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी क्रमांक कायम चिकटून राहतो, तसा एकच आयएसबीएन सगळ्या प्रकारांत कृतीला चिकटून राहत नाही, म्हणून लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये कसं लिहायचं ते एकदाच ठरवा. तीन प्रकारे लिहिलंत तर मंचावर तीन लेखक दिसतात.

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे आभार, हे नेमकं हवं होतं. श्राव्य पुस्तकाबद्दल कोणी सांगेल का? संवाद मालवणीत असलेली पुस्तकं त्यात चांगली वाटतील असं वाटतं.

रातांबा

वाटतीलच, पण वाचणारा मालवणी बोलणारा हवा. हेल चुकला की इथला श्रोता दुसऱ्या मिनिटाला बंद करतो.

१६० पानं म्हणजे चाळीसएक हजार शब्द, साधारण सहा तासांचं श्राव्य. एका तयार तासाला ध्वनिमुद्रणाचे दोन-तीन तास धरा, संपादन वेगळं. मोठे मंच सहसा मागतात ते असं: ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस एमपीथ्री, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या खाली, शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. शेवटचीच अट घरी जमत नाही. पंखा, फ्रीज, रातकिडे सगळं येतं. भिंतींना गोधड्या लावा, खोली लहान घ्या. आणि जून ते सप्टेंबर पत्र्याखाली किंवा कौलांखाली हे काम काढूच नका, पावसाचा आवाज नंतर कोणत्याही साधनाने नीट निघत नाही. नोव्हेंबरात सुरू करा, तोवर वर दस्तऐवज यांनी सांगितलेल्या पूरक पत्रात श्राव्य हक्काची ओळ घालून सह्या घेऊन ठेवा.