मियाटा घेतोय: 2018 ची ग्रँड टूरिंग की 2019 ची क्लब? सल्ला हवा

घाटवेडा:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात एक सेडान आहे, दुसरी गाडी म्हणून माझदा मियाटा, म्हणजे छत उघडणारी दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, घ्यायचं नक्की झालंय. वापरलेली, मॅन्युअल, कापडी छताची. किंमत साधारण सारखी असलेल्या दोन गाड्या मिळताहेत. एक 2018 ची ग्रँड टूरिंग: गरम होणाऱ्या लेदर सीट, ऑटोमॅटिक एसी, वळणाबरोबर फिरणारे हेडलाइट. दुसरी 2019 ची क्लब: कापडी सीट, साधा एसी, थोडी जास्त पळालेली. आठवड्यातून तीन दिवस 287 नंबर हायवेवरून 22 मैल ऑफिस, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं डोंगरात. माझी उंची 6 फूट. बायकोचं मत लेदरकडे, माझं मन क्लबकडे. कुणी दोन्ही चालवल्या आहेत का?

तांबडीमाती:
रोज हायवे असेल तर ग्रँड टूरिंग घ्या. थंडीत गरम सीट असली की छत उघडून फिरायचे दिवस ऑक्टोबरनंतरही महिनाभर वाढतात. या गाडीत तीच तर मजा आहे.

सह्यकडा:
माझ्याकडे आधी 2017 ची ग्रँड टूरिंग होती, आता 2019 ची क्लब आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रिम, म्हणजे एकाच गाडीची ग्रँड टूरिंग, क्लब अशी आवृत्ती, निवडताना मी एकच बघतो: कुठली गोष्ट नंतर बसवता येते आणि कुठली नाही. कापडी सीटच्या आवरणाखाली हीटर पॅड टाकून मिळतो. सीटचं काम करणारे एका दिवसात करून देतात. फोनची कारप्ले जोडणी जुन्या गाडीतही कंपनीच्याच किटने होते. पण लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक मागचं चाक नुसतं फिरायला लागलं तर दुसऱ्या चाकाला ताकद देणारी यंत्रणा) नंतर बसवायचं म्हणजे मागचा अ‍ॅक्सल उघडणं आलं, आणि मजुरीसकट तो खर्च अंगावर येतो. क्लब मॅन्युअलमध्ये ते कंपनीकडूनच येतं, सोबत बिल्स्टाइनचे शॉकअब आणि पुढच्या दोन शॉकअबना जोडणारी पट्टी. 2018 च्या ग्रँड टूरिंगमध्ये यातलं काहीच नाही. आवळत्या वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की आतलं मागचं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं, तेव्हा हा फरक थेट कळतो.

आता वर्षाचा मुद्दा, जो मला ट्रिमपेक्षाही मोठा वाटतो. 2018 पर्यंत इंजिन 155 हॉर्सपॉवरचं होतं. 2019 ला तेच 2 लिटरचं इंजिन 181 वर गेलं आणि 6800 ऐवजी 7500 आरपीएमपर्यंत फिरायला लागलं. त्याच वर्षी स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोय आली, त्याआधी ते फक्त वर-खाली व्हायचं. 6 फूट उंचीच्या माणसाला हे आराम देणारं आहे, लेदरपेक्षा कितीतरी जास्त. मी 5 फूट 11 आहे. जुन्या गाडीत पाय नीट बसायचे, पण हात ताणलेले राहायचे आणि तासाभराने खांदे भरून यायचे.

घाटवेडा:
सह्यकडा, मनापासून आभार. स्टिअरिंगचं मला ठाऊकच नव्हतं. क्लबच्या त्या विक्रेत्याकडे आणखी एक गाडी आहे, ब्रेम्बो ब्रेक आणि बीबीएस चाकांच्या पॅकेजची. थोडी महाग आहे. घ्यावी का?

सह्यकडा:
तुमच्या वापराला नको. गाडीचं वजन जेमतेम 1060 किलो, साधे ब्रेक रस्त्यावर पुरून उरतात. शिवाय हिवाळ्यात चालवणार असाल तर स्पोर्ट ट्रिमची 16 इंची चाकं स्वस्तात मिळतात, त्यांवर 195/50 मापाचे स्नो टायर चढवायचे. ब्रेम्बोच्या कॅलिपरवर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) ती चाकं बसत नाहीत. वाचलेले पैसे टायरवर घाला.

पाणकळा:
दादा, वहिनींनाही गाडीत बसवून बघा, तेही अर्धा तास. या गाडीत डॅशबोर्डला कप्पाच नाही, कुलपाचा लहान कप्पा दोन सीटच्या मध्ये मागे आहे. डिकी 130 लिटरची, स्टेपनी नाही, फक्त पंक्चरचं किट. माझ्या मिस्टरांनी गाडी एकट्याने ठरवली आणि पहिल्याच सहलीत बॅगा कुठे ठेवायच्या यावरून आमचा दिवस खराब गेला. दोन मऊ पिशव्या घ्या, चाकांच्या कडक बॅगा घेऊ नका. आणि सीटमागे पाणी निचरा होण्याची भोकं आहेत, ती पानगळीच्या दिवसांत साफ ठेवा. तुंबली की पाणी आत येतं.

घाटवेडा:
काल दोघांनी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. 2018 मध्ये बसल्यावर खरंच हात लांब होतात. क्लबमध्ये स्टिअरिंग छातीकडे ओढून घेतलं आणि क्लच पूर्ण दाबूनही गुडघा मोकळा राहिला. बायकोला कापडी सीट उलट आवडली, उन्हात काळं लेदर फार तापलेलं होतं. साधी 2019 ची क्लब ठरली. शनिवारी ताबा, रविवारी पोर्ट जर्व्हिसजवळच्या 97 नंबर रस्त्याने हॉक्स नेस्टला. डेलावेअर नदीच्या काठाची ती वळणं पाहिली की मला वरंधा घाट आठवतो. हीटर पॅडसाठी एडिसनच्या आसपास चांगला कारागीर कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, थंडीच्या आत बसवून घ्यायचे आहेत.