राउटर रिसेट करायच्या आधी मोबाइल डेटा बंद करून बघा

‘वायफाय राउटरच्या सेटिंगचं पान फोनवर उघडत नसेल तर सरळ राउटरचं रिसेटचं बटण दाबून धरा’ असं एकानं सांगितलंय, ते मला पटत नाही. रिसेट केलं की लाइनवाल्यानं (नेट जोडून देणाऱ्यानं) राउटरमध्ये भरलेलं युजरनेम-पासवर्डही बऱ्याचदा पुसलं जातं, अन् मग तो येईपर्यंत नेट बंद. परभणीत मावशीकडं हेच झालं. ऐन परीक्षेत दोन दिवस पोरांचा खोळंबा.

कारण साधं होतं. लाइन गेली की वायफायला नेट नाही हे बघून फोन आपोआप मोबाइल डेटावर जातो, अन् राउटरचं पान उघडायचा १९२.१६८.१.१ हा पत्ता तर घरातल्या वायफायवरच चालतो. म्हणून आधी डेटा बंद करा, मग पत्ता टाका. तरी उघडेना, तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’समोरचा आकडा बघा, तोच तुमच्या राउटरचा पत्ता. मावशीकडं तो १९२.१६८.०.१ निघाला.