मँगनीज वाढवलं, पण ते साचतं कुठे?

ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्नच्या (गोळ्यांच्या रूपात ग्रॅफाइट असलेलं, ऑस्टेम्परिंग केलेलं ओतीव लोखंड) जाड कास्टिंगमध्ये पर्लाइट (सावकाश थंड झाल्यावर बनणारी, इथे नको असलेली रचना) टाळायला मँगनीज ०.५ टक्क्यांपर्यंत न्यावं, स्वस्तात काम होतं, असा सल्ला तुम्हाला इथे मिळालाय. पर्लाइट लांबतं हे खरं, पण मँगनीज सगळीकडे सारखं पसरत नाही. ते शेवटी गोठणाऱ्या भागात, म्हणजे ग्रॅफाइटच्या गोळ्यांमधल्या सीमेवर साचतं. ऑस्टेम्परिंगमध्ये (तापवलेलं कास्टिंग वितळलेल्या मिठात ठरावीक तापमानाला धरून ठेवताना) गोळ्यांजवळचा भाग आधी बदलतो, सीमेवरचा मागे राहतो आणि थंड होताना किंवा ड्रिलच्या दाबाखाली त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे फार कठीण आणि ठिसूळ रचना होते. मॉलिब्डेनमचंही तसंच, शिवाय त्याचे कठीण कार्बाइड बनतात. तांबं आणि निकेल मात्र गोळ्यांजवळ जमतात, म्हणून माझा भर त्यांच्यावर.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत काम करताना ५० मिमी जाडीच्या एका ब्रॅकेटवर ड्रिल सारखे तुटायचे. वरून हार्डनेस अगदी बरोबर! गाभ्यातला तुकडा कापून, पॉलिश करून नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावलं, तर गोळ्यांच्या मधोमध पांढरे डाग, म्हणजे तोच मागे राहिलेला भाग. मग मँगनीज ०.३ च्या खाली आणलं, तांबं वाढवलं आणि ओतताना धारेतच इनॉक्युलंट (ग्रॅफाइटच्या गोळ्या जास्त बनाव्यात म्हणून टाकायची पूड) टाकू लागलो. गोळ्या वाढल्या की त्यांच्यातलं अंतर घटतं, मँगनीज एका जागी साचण्याऐवजी विखुरतं. ड्रिल तुटणं थांबलं. तुमच्या नमुन्यातला नोड्यूल काउंट (दर चौरस मिमीमधल्या गोळ्यांची संख्या) आधी मोजा, तोही गाभ्यातला.