मदत हवी आहे: फिट थांबली, पण भावाची आठवण हरवतेय

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. धाकटा भाऊ १६ वर्षांचा, यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. गेल्या पावसाळ्यात त्याला फिट आली ती थांबेचना. चप्पल हुंगव, कांदा फोड यात वेळ गेला. गाडी मिळून बेळगाव गाठेपर्यंत पाऊण तास झाला. पाच मिनिटांच्या वर चाललेली फिट म्हणजे तातडी, अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका, हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. आता फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे देवळीत हाताशी असतो.

गोळ्या चालू आहेत, फिट परत आली नाही. पण परवा डबा घेऊन शेतावर पाठवलं, तर बांधावरून फोन. "अक्का, आपलं शेत कुठलं गं?" त्याच शेतात तो लहानाचा मोठा झालाय.

माझं बीएस्सी झालंय, म्हणून वाचत बसते. एनकॅम हे पेशींनी एकमेकींना धरून राहावं म्हणून असलेलं प्रथिन. त्यावर पॉलिसियालिक ॲसिडची साखळी चढली की पकड सैल होते, नव्या पेशींना सरकायला वाट मिळते. आठवण आणि वाटा-जागा सांभाळणाऱ्या, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात, लांबलेल्या फिटनंतर, उंदरांत नव्या पेशी एकदम वाढतात. काही भलतीकडेच रुजतात, तरव्यातलं रोप वाटेत पडून तिथंच धरावं तशी. २००८ च्या एका प्रयोगात एन्झाइमने ती साखळीच कापली. नव्या पेशींची वाढ आवरली, जागा लक्षात ठेवण्यातली घसरणही कमी झाली. एपिलेप्सी, म्हणजे परत परत फिट येणं, मात्र व्हायची ती झालीच.

इथंच मी अडले. फिट आवरणं आणि आठवण सांभाळणं या दोन वेगळ्या वाटा आहेत का? आमचे डॉक्टर "फिट नाही ना, मग झालं" एवढंच म्हणतात. उंदरांवरचं माणसाला तसंच लावता येत नाही, हे मला कळतं. असलं औषधही मी मागत नाहीये. पण नुकसान फिटमुळे झालंय की गोळ्यांनी डोकं जड होतंय, हे तपासायला कुणाकडे जाऊ? बेळगावात सोय होईल, की हुबळी, की थेट बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्यात?

आणि तिथं आठवणीची चाचणी मराठीत घेतात का? तो मराठी शाळेतला. कन्नडमध्ये विचारलं आणि चुकला, तर तो विसरला की त्याला प्रश्नच कळला नाही, हे कसं ओळखायचं?