सीआरपी उतरत नाही, खांदे आखडलेले – मदत हवी आहे

आईचा (वय 66) सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) 24 आला, लॅबची मर्यादा 5. ईएसआर (दाहाचीच दुसरी रक्ततपासणी) 58. महिन्याभराने पुन्हा तपासलं, जवळपास तेवढेच. ताप नाही, वजन घटलेलं नाही, डोकं दुखत नाही. पण सकाळी दोन्ही खांदे तासभर इतके आखडतात की तिला वेणीसुद्धा घालता येत नाही; बघवत नाही. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, लघवी आणि छातीचा एक्स-रे नॉर्मल. हिमोग्लोबिन 9.8, त्याने ईएसआर वाढू शकतो, पण सीआरपी? वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं. हळदीचं दूध चालूच आहे. डॉक्टरांना पॉलिमायल्जियाची (उतारवयात खांदे-कंबर आखडवणारा दाहाचा आजार) शंका आहे, संधिवाततज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात. यावर स्टेरॉइड देतात, पण तिला मधुमेह आहे, म्हणून त्याची धास्ती वाटते. घरात कुणाला हा आजार असेल तर सांगाल का, स्टेरॉइड चालू असताना साखर कशी सांभाळली? आणि अँटी-सीसीपी (आमवाताचीच आणखी एक रक्ततपासणी) आधीच करून न्यावी का?