मानेवर ओघळासारखा तपकिरी डाग: रोल-ऑनमुळे असेल का?

मुक्ता_र
मानेच्या उजव्या बाजूला, कानाखालून कॉलरपर्यंत, तपकिरी पट्टा उमटलाय. वर रुंद, खाली निमुळता, तेलाचा ओघळ जसा उतरेल तसा. आधी तिथे लाल झालं होतं आणि चुरचुरत होतं, खाज मात्र नव्हती. नवीन गोष्ट एकच: घरी केलेलं रोल-ऑन. १० मिली जोजोबा तेलात २० थेंब बर्गमॉट (लिंबाच्या जातीच्या फळाचं सुगंधी तेल). सकाळी लावलं आणि दिवसभर मैदानावर होते. डावीकडेही लावलं होतं, पण त्या बाजूला केस मोकळे होते, तिथे काहीच झालं नाही. तेल शंभर टक्के नैसर्गिक आहे. ही ॲलर्जी का? आणि रात्रीचं ग्लायकोलिक आम्लाचं सीरम डागावर लावलं तर तो लवकर जाईल का?

अभिजित७
नैसर्गिक तेलाने सहसा काही होत नाही. घामाने झालं असेल, कोरफड लावून बघा.

गंधवेडी
अभिजित, असं नका हो सांगू, याच समजुतीपायी लोकांची कातडी भाजते. मी सुगंधी तेलांची मिश्रणं करते, त्यामुळे या एका तेलाबद्दल मला फार कळकळ आहे.

मुक्ता, केसांखालची बाजू वाचली यातच बरंचसं उत्तर आहे. नुसतं तेल किंवा नुसतं ऊन नाही, दोन्ही एकत्र आल्यावर हे होतं. बर्गमॉटच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते उन्हातले यूव्हीए किरण शोषून पेशींच्या डीएनएला चिकटतं. त्वचा उन्हाने भाजल्यासारखी लाल होते आणि मग तिथे रंगद्रव्य साचतं. बर्गमॉट घातलेल्या कोलोनमुळे (सौम्य अत्तरामुळे) मानेवर असे ओघळ उठतात हे त्वचारोगतज्ज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, त्याला बर्लोक डर्मटायटिस म्हणतात.

आता प्रमाण बघा. अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागणाऱ्या वस्तूंसाठी सुगंध उद्योगाची संस्था इफ्रा या तेलाची मर्यादा ०.४ टक्के सांगते. १० मिलीच्या बाटलीत जेमतेम एक थेंब! २० थेंब म्हणजे साधारण १० टक्के, पंचवीसपट. विकणारे हे बाटलीवर ठळक का छापत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

वास आवडत असेल तर फ्युरोकूमरीन, म्हणजे बर्गाप्टेनसारखी द्रव्यं, काढून टाकलेलं बर्गमॉट मिळतं, लेबलवर ‘एफसीएफ’ असतं. लिंबाच्या जातीतल्या तेलांतही ऊर्ध्वपातनाने काढलेलं लाइम चालतं, दाबून काढलेलं नाही. साबणात टाकलेलं धुऊन जातं, त्याची एवढी धास्ती नको.

सीरम मात्र डागावर अजिबात नको. दुखावलेल्या त्वचेला ते आणखी झोंबेल, आणि अशा आम्लांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेने) २००५ मध्ये सुचवलं की, वापरत असताना आणि थांबवल्यावर आठवडाभर उन्हापासून जपा, असं लेबलवर लिहावं.

मुक्ता_र
बाप रे, पंचवीसपट! रोल-ऑन आजच टाकून देते. दिवसभर खिडकीशी बसून काम असतं, तिथलं ऊनही टाळू का?

औषधी_निलिमा
हो, टाळा. साध्या काचेतून यूव्हीए बऱ्यापैकी आत येतात. पट्टा कपड्याने झाका, नाहीतर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे यूव्हीएही अडवणारं सनस्क्रीन लावा, शक्यतो बिनवासाचं झिंक ऑक्साइडचं. घासू नका, लिंबू तर मुळीच चोळू नका, त्यातही तीच द्रव्यं असतात. डाग फिका व्हायला कित्येक महिने लागू शकतात, तेवढ्यात हायड्रोक्विनोनची (डाग फिके करणाऱ्या औषधाची) क्रीम मनाने सुरू करू नका.

ॲलर्जीचं विचारलंत म्हणून सांगते: उन्हाची ॲलर्जी झाली तर एक-दोन दिवसांनी खाजरा, इसबासारखा पुरळ येतो, आणि तो ऊन न लागलेल्या जागीही पसरतो. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोननेही असं होतं. तुमचं चित्र तसं वाटत नाही. पण फोड आले किंवा खाज पसरली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि रोल-ऑनची बाटली सोबत न्या. म्हणून ती आज फेकू नका.